लाल पडलेली नीला: मज्जारज्जूजवळच्या एका फिस्टुलाचं प्रकरण

जिन्याने दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोन्ही पाय गळून जात. कठडा धरून थांबलं, पाच-सात मिनिटं पायरीवर बसलं, की पुन्हा चालता येई. वय ६२. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, पाठीला कधी मार लागलेला नाही. त्यामुळे या गृहस्थांनी सुरुवातीचे तीन महिने सगळा दोष वयावर ढकलला. पुढच्या अकरा महिन्यांत त्यांच्या दुखण्याला चार नावं मिळाली, कंबरेचं एक ऑपरेशन झालं, स्टेरॉइडचे दोन मोठे डोस झाले, आणि ते दोन काठ्यांवर आले. पाचवं नाव बरोबर निघालं: स्पायनल ड्यूरल आर्टेरिओव्हेनस फिस्टुला. मज्जारज्जूच्या बाहेरच्या जाड वेष्टणात एक बारीक धमनी आणि एक नीला, मध्ये केशवाहिन्यांचं जाळं न ठेवता, एकमेकींना थेट जोडल्या गेल्या होत्या.

आधीच सांगतो, हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. या आजाराचे रुग्ण ज्या वाटेने ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचतात, ती वाट एका रुग्णाच्या रूपात मांडली आहे.

चार नावं

चौथ्या महिन्यात तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. ‘गादीवर चालल्यासारखं वाटतं,’ असं ते म्हणत. नसांची तपासणी झाली, थोडा दोष निघाला, बी-१२ काठावर होतं, म्हणून न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा आजार, ठरली आणि इंजेक्शनं सुरू झाली. सहाव्या महिन्यात लघवीला कुंथावं लागू लागलं. साठी ओलांडलेल्या पुरुषाने ही तक्रार केली की बोट प्रोस्टेटकडेच जातं, तसं ते गेलं, आणि गोळी चालू झाली. सातव्या महिन्यात कंबरेचा एमआरआय झाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये नसा जातात तो कालवा अरुंद झालेला दिसला. ‘नस दबलीय’ हे तिसरं नाव, आणि ते सगळ्यांना पटलं, कारण चालल्यावर पाय गळणं आणि बसल्यावर बरं वाटणं हे कालवा अरुंद झाल्याचं पुस्तकी लक्षण आहे. नवव्या महिन्यात ऑपरेशन करून कालवा मोकळा केला. पंधरा दिवस बरं वाटलं. ते अंथरुणावर विश्रांती घेत होते म्हणून वाटलं, हे नंतर कळलं.

तेराव्या महिन्यात पाय ताठरू लागले. छातीच्या मणक्यांचा एमआरआय झाला, त्यात मज्जारज्जूच्या आत लांबलचक पांढरा पट्टा दिसला आणि चौथं नाव आलं: मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूची सूज. रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून द्यायचं ठरलं. पहिल्या डोसनंतर पाय जड झाले. दुसऱ्या डोसच्या रात्री त्यांना कुशीवरही वळता येईना आणि लघवी पूर्ण तुंबली. डोस थांबवले, कॅथेटर घातला, आणि चार दिवसांत पाय जवळजवळ आधीच्या जागी आले.

या चारही नावांमागे काही ना काही पुरावा होता, त्यामुळे सुट्या सुट्या निर्णयांना चूक म्हणायला मी तयार नाही. पण एक साधी गोष्ट कुणी लावून पाहिली नाही. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचा झुबका असतो. म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यातल्या दाबाने पाय ढिले पडू शकतात, घोट्याचे रिफ्लेक्स जाऊ शकतात, पण गुडघ्याचे रिफ्लेक्स उसळणार नाहीत आणि तळव्यावरून किल्ली फिरवल्यावर पायाचा अंगठा वर जाणार नाही; या खुणा मज्जारज्जूतल्याच बिघाडाच्या. या रुग्णाचा अंगठा वर जात होता. केव्हापासून, हे आता सांगता येत नाही, कारण पहिल्या बारा महिन्यांच्या कागदांवर त्या खुणेची नोंदच नाही.

आणखी एक गोष्ट जुनी फिल्म काढल्यावर दिसली. कंबरेच्या एमआरआयमध्ये वरच्या कडेला मज्जारज्जूचं टोक, कोनस, येतंच. त्या सातव्या महिन्यातल्या फिल्ममध्येही ते आलं होतं आणि ते पांढरं होतं. पाहणाऱ्याची नजर चौथ्या-पाचव्या मणक्यावर अडकली आणि तिथून वर गेलीच नाही. कंबरेचा एमआरआय वाचताना पहिल्यांदा वरची कड पाहायची ही सवय मी हाताखालच्या मुलांना लावतो. माझी सवयही अशीच एक फिल्म उशिरा पाहिल्यावर लागलेली आहे.

स्टेरॉइडने बिघडलं, हाच पुरावा

मायलायटिस काही तासांपासून तीनेक आठवड्यांत शिगेला पोचतो. चौदा महिने पायरी-पायरीने उतरणारा मायलायटिस मुळात संशयास्पद. त्यात स्टेरॉइडच्या दोन डोसांतच तो बिघडला, म्हणजे निदान उलटं तपासायला हवं. स्टेरॉइडने शरीरात मीठ-पाणी साठतं, नीलांमधला दाब वाढतो, आणि ज्या मज्जारज्जूत रक्त आधीच तुंबलंय तिथे एवढ्यानेही तोल जातो. बहुतेकांना पटलेलं स्पष्टीकरण हे आहे. कारण काहीही असो, या आजारात ही खूण इतकी बोलकी आहे की ‘सूज उतरवणाऱ्या औषधाने पाय गेले’ असं नातेवाईक सांगू लागले की कान टवकारावेत.

तपासणीत चित्र मिश्र होतं. मांडीची ताकद पाचपैकी तीन, घोट्याची दोन. गुडघ्याचे रिफ्लेक्स उसळते, घोट्याचे गायब, दोन्ही अंगठे वर. गुदद्वाराभोवतीची संवेदना कमी. वरच्या (मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या) आणि खालच्या (मज्जारज्जूपासून स्नायूंपर्यंतच्या) अशा दोन्ही प्रकारच्या चेतापेशींच्या खुणा एकाच माणसात एकत्र दिसल्या की नजर मज्जारज्जूच्या टोकाकडे वळली पाहिजे. अमिनॉफ-लोग मोजपट्टीवर चाल ४, म्हणजे दोन काठ्या, आणि लघवी २. चालीला ० ते ५ आणि लघवीला ० ते ३ असे गुण देणारी ही पट्टी जुनी आहे, ओबडधोबड आहे, पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एकच फुटपट्टी वापरायची तर तिच्याइतकी सोयीची दुसरी मला माहीत नाही.

पूर्ण मणक्याचा एमआरआय पुन्हा केला. पांढरा पट्टा सातव्या थोरॅसिक, म्हणजे छातीच्या, मणक्यापासून कोनसपर्यंत. पण पाहण्यासारखं होतं ते मज्जारज्जूच्या पाठीमागच्या पाण्यात: काळे, वळवळते ठिपके, गांडुळांचा माग असावा तसे. जोरात वाहणारं रक्त एमआरआयला काळं दिसतं. ते ठिपके म्हणजे फुगलेल्या, नागमोडी नीला. आधीच्या फिल्मवरही ते होते, आणि रिपोर्टात त्यांचा उल्लेख ‘पाण्याच्या हालचालीचा आभास’ असा होता.

नेमकं काय तुंबतं

एरवी रक्त धमनीतून केशवाहिन्यांत जातं, तिथे दाब विरतो, आणि शांत झालेलं रक्त नीलेत उतरतं. इथे मज्जारज्जूच्या प्रत्येक नसेबरोबर बाहेर पडणाऱ्या वेष्टणाच्या बाहीत, मुळाशी, एक बारीक धमनी थेट नीलेत उघडते. ही नीला खरं तर मज्जारज्जूतलं रक्त बाहेर नेणारी. तिच्यातला प्रवाह उलटतो आणि धमनीच्या दाबाचं रक्त ती आत, मज्जारज्जूवरच्या नीलांच्या जाळ्यात सोडू लागते. त्या जाळ्यात ते अडवायला झडपा नाहीत.

ऑपरेशनच्या वेळी अशा नीलेत सुई घालून मोजलेला दाब शरीरातल्या सरासरी धमनी दाबाच्या ७४ टक्क्यांच्या आसपास निघाला होता. म्हणजे सरासरी धमनी दाब ९० असेल तर नीलेत ६६-६७. मज्जारज्जूला रक्त पुरवायला उरतो तो मधला फरक, जेमतेम २३-२४. या आजारात मज्जारज्जू सहसा फुटलेल्या वाहिनीतल्या रक्ताने मरत नाही. रक्त बाहेर पडायला जागा नाही म्हणून तो आतल्या आत गुदमरतो. मज्जारज्जूच्या आत वाहिन्यांचा गुंता असलेले विकार वेगळे. त्यांत रक्तस्राव होतो, रुग्ण तरुण असतो आणि ऑपरेशनही वेगळंच असतं.

जिन्याचं कोडं यातूनच सुटतं. श्रमाने धमनीचा दाब वाढतो, तो नीलेतही उतरतो, रक्त आणखी तुंबतं आणि पाय गळतात. बसलं की दाब उतरतो, पाय परत येतात. फिस्टुला छातीच्या मधल्या मणक्यात असला तरी पहिली कळ टोकाला, कोनसला लागते, कारण उभ्या माणसात तुंबलेल्या नीलांचा सगळा भार खाली येतो. म्हणून लक्षणांवरून फिस्टुलाची जागा ठरवता येत नाही.

आजार दुर्मीळ आहे: वर्षाला दहा लाखांमागे पाच ते दहा नवे रुग्ण. तरी मणक्यातल्या वाहिन्यांच्या सगळ्या विकारांत याचाच वाटा मोठा, साधारण सत्तर टक्के. स्त्रियांच्या मानाने पुरुष पाचपट, वय बहुधा पन्नाशीनंतरचं, आणि जागा सहाव्या थोरॅसिकपासून दुसऱ्या लंबर, म्हणजे कंबरेच्या, मणक्यापर्यंत कुठेही.

तीस वाहिन्या, एक एक करून

एमआरआयने आजार कळला, जागा कळली नाही. त्यासाठी स्पायनल अँजिओग्राफी. जांघेतल्या धमनीतून कॅथेटर महाधमनीत नेऊन प्रत्येक मणक्याच्या उजव्या आणि डाव्या फांदीत स्वतंत्रपणे एक्स-रेत दिसणारं औषध सोडायचं. छातीच्या फांद्या, कंबरेच्या फांद्या, मग श्रोणीतल्या. एवढ्यात नाही सापडलं तर मानेतल्या, आणि तरीही नाही तर डोक्यातल्या, कारण मेंदूच्या वेष्टणातला फिस्टुलाही कधी कधी खाली मज्जारज्जूत रक्त सोडतो. पूर्ण भूल देऊन हे करणं मला पसंत आहे. श्वास थांबवून घेतलेलं चित्र स्वच्छ येतं, आणि इथे शोधायची वाहिनी केसाच्या जाडीची असते. तीन तास लागू शकतात. मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवून औषधाचं प्रमाण मोजत राहावं लागतं.

सापडला डावीकडे, दहाव्या थोरॅसिक फांदीत. मणक्याच्या पायाखाली शेवाळासारखा बारीक झुपका, त्यातून आत शिरणारी एक नीला, आणि ती मज्जारज्जूवर वर-खाली वळसे घेत गेलेली.

त्याच चित्रात दुसरी एक रेष होती. त्याच फांदीतून निघून वर जाऊन केसात खोवायच्या आकड्यासारखी वळणारी, आणि मग मज्जारज्जूच्या पुढच्या मध्यरेषेवरून उतरणारी. ही अ‍ॅडमकिविझची धमनी. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला पुढून रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी, बहुतेकांत डावीकडे, नवव्या ते बाराव्या थोरॅसिकच्या दरम्यान निघणारी. तिच्या नीलांचा टप्पा चित्रात यायला हवा होता त्या वेळी आलाच नाही. रक्त आत जात होतं, बाहेर पडत नव्हतं.

या एका रेषेने पुढचं सगळं ठरवलं.

सुई की सुरी

फिस्टुला बंद करण्याच्या वाटा दोन. कॅथेटरमधून चिकट द्रव सोडून आतून बुजवायचा, याला एम्बोलायझेशन म्हणतात. नाहीतर पाठ उघडून नीला तोडायची. रुग्णाच्या पत्नीने अगदी योग्य प्रश्न विचारला: “डॉक्टर, आत्ता ज्या नळीने शोधलं त्याच नळीने बंद का नाही करत? ह्यांची पाठ एकदा उघडून झालीय.”

एरवी या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर देता आलं असतं. आतून बुजवताना द्रव फिस्टुला ओलांडून नीलेच्या सुरुवातीच्या भागापर्यंत पोचला तरच उपाय टिकतो. तो धमनीतच थिजला तर अँजिओग्राफीत सगळं बंद दिसतं, रुग्ण खूश होतो, आणि काही महिन्यांत शेजारच्या फांद्या तोच फिस्टुला पुन्हा जागा करतात. २००४ मध्ये छापलेल्या एका एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेचं यश ९८ टक्के आणि एम्बोलायझेशनचं ४६ टक्के होतं. नंतर द्रव सुधारले, कॅथेटर सुधारले आणि दरी कमी झाली, तरी शस्त्रक्रिया पुढेच राहिली. मणक्याबाबत माझा कल सुरीकडे आहे, आणि सर्जनचा कल सुरीकडे असतोच, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं.

पण या रुग्णात कलाचा प्रश्नच नव्हता. फिस्टुला आणि अ‍ॅडमकिविझची धमनी एकाच खोडातून निघत होत्या. द्रवाचा एक थेंब चुकीच्या बाजूला गेला तर दोन्ही पाय कायमचे गेले असते. पत्नीला दोन्ही रेषा पडद्यावर दाखवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे एकाच नळाच्या दोन तोट्या.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

रुग्णाचा प्रश्न वेगळा होता: “मला पुन्हा चालता येईल?” उत्तर असं दिलं: ऑपरेशनचा पहिला हेतू उतार थांबवणं. साधारण निम्म्याहून अधिक लोकांची चाल काही ना काही सुधारते, लघवीची तक्रार त्याहून कमी जणांची, साधारण एक-तृतीयांश. आधी जेवढं गेलंय तेवढं परत येणं अवघड. ते म्हणाले, “थांबलं तरी चालेल.”

थिएटरमध्ये

रुग्णाला पालथं झोपवलं, पोट मोकळं लोंबेल असं. पोटावर दाब आला की मणक्याभोवतीच्या नीला फुगतात आणि आधीच रागावलेल्या भागात रक्त वाढतं. भूल शिरेतून दिली, कारण श्वासातून द्यायची औषधं पायांकडे जाणारे संकेत पुसट करतात, आणि ते संकेत ऑपरेशनभर पडद्यावर हवे होते. भूलतज्ज्ञाला एकच विनंती: रक्तदाब खाली येऊ द्यायचा नाही. इतर ऑपरेशनांत थोडा कमी दाब सर्जनला आवडतो, रक्त कमी येतं. इथे तो मज्जारज्जूच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखा आहे.

नेमका मणका शोधणं हे दिसतं त्याहून कठीण काम. मणक्याच्या फांदीत धातूची बारीक गुंडाळी सोडून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे एक्स-रेमध्ये ती खूण दिसते. पण इथे त्या फांदीला हात लावायची सोय नव्हती. मग मोजणीच. त्रिकास्थीपासून वर मोजलं, शेवटच्या बरगडीपासून पडताळलं, आणि अँजिओग्राफीची फिल्म शेजारी लावून हाडांचे आकार जुळवले. कुणाला सहा लंबर मणके असतात, कुणाची बारावी बरगडी बोटाच्या पेराएवढी असते. एका मणक्याची चूक झाली तर निरोगी नीला समोर येते आणि सर्जन नको ते तोडतो. मोजणी दोघांनी वेगवेगळी केली आणि आकडा जुळल्यावरच सुरी लावली.

दहाव्या मणक्याची डावी कमान आणि अकराव्याच्या वरची कड काढली. पूर्ण कमान काढायची गरज नव्हती, उजवी बाजू जशीच्या तशी राहिली. सूक्ष्मदर्शक आणला, वेष्टण उभं उघडलं, कडा टाक्यांनी बाजूला ताणून धरल्या. आतलं पातळ पापुद्र्यासारखं आवरण वेगळं कापलं, आणि मज्जारज्जू दिसला: फुगलेला, पिवळसर, आणि त्याच्या पाठीवर वळसे घेत पडलेली एक जाड शीर.

आपल्या भाषेत या वाहिनीचं नावच रंगावरून पडलेलं आहे, नीला. समोर होती ती भडक लाल. धमनीचं ताजं रक्त तिच्यात खेळत होतं.

तिचा माग डावीकडे काढत गेलो. दहाव्या नसेच्या मागच्या मुळाशेजारी ती वेष्टणाच्या आतल्या बाजूतून बाहेर येत होती. एवढीच ती जागा. खात्रीसाठी शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा हिरवा रंग सोडला. सूक्ष्मदर्शकाच्या इन्फ्रारेड प्रकाशात सगळ्यात आधी ती वेष्टणाजवळची नीला उजळली, मग तिथून वळशांमागून वळसे, आणि मज्जारज्जूची स्वतःची बारीक जाळी सगळ्यात शेवटी. दिशा सिद्ध झाली.

नीलेवर तात्पुरती क्लिप लावली आणि हात बाजूला ठेवून दहा मिनिटं थांबलो. तरुण सर्जनांना ही दहा मिनिटं फार जड जातात. पडद्यावरचे संकेत हलले नाहीत. आणि वळसे रंग बदलू लागले, आधी जांभळट, मग खरोखर निळे. ताण उतरून त्या मऊ पडल्या. पुन्हा हिरवा रंग सोडला, आता त्या सावकाश, उशिरा, नीलेने उजळावं तशा उजळल्या. क्लिपच्या जागी नीला विद्युत चिमट्याने भाजून एखादा सेंटिमीटर आटवली आणि कापली. या कामाला दोन मिनिटंही लागली नाहीत. नसेचं मूळ तोडलं नाही, कारण अ‍ॅडमकिविझची धमनी त्याच नसेच्या पुढच्या मुळाबरोबर आत जाते.

वळसे घातलेल्या त्या लांब नीलेचं काय? काही नाही, ती तशीच ठेवली. हे सांगायला सोपं वाटतं, पण समजायला अर्धं शतक गेलं. १९२६ मध्ये पॅरिसच्या फ्वा आणि अलाजुआनिन यांनी पायांची ताकद हळूहळू नेणारा मज्जारज्जूचा आजार वर्णन केला, तेव्हा तो परत न फिरणारा मानला गेला. पुढे सर्जन त्या फुगलेल्या नीलांनाच आजार समजत आणि अनेक मणके उघडून त्या लांबच्या लांब सोलून काढत. काही रुग्ण त्यानंतर आणखी बिघडत. १९७७ मध्ये लंडनच्या केंडल आणि लोग यांनी दाखवलं की दोष वेष्टणातल्या एका बिंदूत आहे, आणि फुगलेल्या नीला या मज्जारज्जूच्या स्वतःच्या नीला आहेत. एकमेव निचरा सोलून काढल्यावर तो बिघडणारच. पंचवीस सेंटिमीटरच्या चिऱ्याची जागा तेव्हापासून सहा सेंटिमीटरच्या चिऱ्याने घेतली.

वेष्टण बारीक धाग्याने पाणी न गळेल असं शिवलं, श्वासाचा दाब क्षणभर वाढवून गळती पाहिली, वर जैविक चिकटा. कातडीपासून कातडीपर्यंत पावणेतीन तास.

तिसरा दिवस

पहिले दोन दिवस उताणं, सपाट. दुसऱ्या दिवशी घोट्याची ताकद दोनवरून तीन झाली आणि सगळे हसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडी तीनवरून दोनवर आली.

अशा वेळी पहिली भीती रक्ताच्या गाठीची. तातडीने एमआरआय केला. गाठ नव्हती, वेष्टणाबाहेर पाणी साचलं नव्हतं, पण मज्जारज्जूवरचे काळे वळसे एकाएकी दिसेनासे झाले होते. प्रवाह इतका मंदावला होता की काही नीला गोठल्या असाव्यात. वर्षभर जोरात वाहायची सवय लागलेल्या रुंद नीलेत अचानक शांत रक्त आलं की ते थिजू शकतं. ऑपरेशन उत्तम होऊनही रुग्ण बिघडतो तो यामुळे.

हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यायचं का? ताज्या जखमेत, मज्जारज्जूला लागून. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी कमी रेणुभाराचं हेपरिन सुरू केलं, रक्तदाब थोडा वर ठेवला आणि दर दोन तासांनी ताकद मोजली. पाचव्या दिवशी मांडी पुन्हा तीनवर. हेपरिनने झालं की आपोआप झालं असतं, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. काही सर्जन सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून हेपरिन देतात. मी अजून तिथे पोचलेलो नाही, पण तिसऱ्या दिवसाच्या फेरीला आता जास्त वेळ थांबतो.

घरी सोडण्याआधी हेपरिनचा डोस मागे-पुढे करून अँजिओग्राफी पुन्हा केली, फक्त डाव्या नवव्या, दहाव्या आणि अकराव्या फांदीची, आणि उजव्या दहाव्याची. झुपका नाही, आत शिरणारी नीला नाही. आकड्यासारखी वळणारी रेष जागेवर, आणि या वेळी तिच्या मागोमाग नीलांचा टप्पाही आला.

पुढचं वर्ष

तीन महिन्यांनी पांढरा पट्टा दहाव्या मणक्यापर्यंत आखडला. तो किती आखडला यावर रुग्ण किती सुधारेल हे ठरत नाही, त्यामुळे प्रत्येक फिल्म घेऊन धावत येऊ नका असं त्यांना सांगावं लागलं. खरी मेहनत फिजिओथेरपीची होती: रोज दोन वेळा, पहिले दोन महिने नुसता तोल. सहा महिन्यांनी एक काठी. वर्षाने घरात काठी नाही, बाहेर लांब जायचं तर काठी. अमिनॉफ-लोग चाल ४ वरून २. तपासणीला आले तेव्हा ते दोन मजले जिन्याने चढले, मध्ये एकदा थांबून. थांबण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, धाप लागली. वर्षभर बसून राहिलेल्या माणसाला ती लागणारच.

तळपायांची जळजळ गेलेली नाही. रात्री जास्त असते, गॅबापेंटिनने निम्मी होते, पूर्ण जात नाही. पुढे कधीही पाय पुन्हा जड वाटू लागले तर ‘वय झालं’ म्हणून घरी थांबायचं नाही, सरळ पुन्हा अँजिओग्राफी, हे पत्नीच्या हाती कागदावर लिहून दिलं आहे.

लघवीची सुधारणा सगळ्यात मागे राहिली. सुरुवातीला दिवसातून चार वेळा स्वतः कॅथेटर घालावा लागे. लघवीनंतर मूत्राशयात उरणारं प्रमाण ३२० मिलिलिटरवरून १३० वर आलं आहे. दिवसाचे कॅथेटर बंद झाले, झोपण्यापूर्वीचा चालू आहे.